नावाला उत्तर कोण देतं

बसा. हे काम उभ्याउभ्या होत नाही.

डिस्पॅचच्या टेबलावरून हाक आलीय, "दादा, टॅली उघडत नाहीये." गेटवर टेम्पो भरून उभा आहे, बिल निघालेलं नाही, आणि कुणीतरी जाता जाता सांगून गेलंय की नेट गेलंय. ऐकून घ्या, आणि ते वाक्य थोडा वेळ बाजूला ठेवा. आनंदनगर असो, मोरिवली असो की चिखलोली, अंबरनाथ एमआयडीसीतल्या दहा-बारा कॉम्प्युटरच्या ऑफिसात काहीही अडलं तरी ‘नेट गेलंय’ असंच म्हणतात. सांगणाऱ्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. नेमकं काय गेलंय हे पाहायचं काम तुमचं.

हात आपोआप राउटरकडे जाईल. वायर काढावी, दहा आकडे मोजावेत, परत लावावी. आत्ता नको. राउटर बंद केला की कोणत्या मशीनला कोणता आयपी नंबर दिला होता ही त्याच्याकडची यादी बहुतेक वेळा पुसली जाते, आणि आज ज्या कारणाने अडलं ते कारण न दिसताच निघून जातं. ते परत येईल तेव्हा तुम्ही पुन्हा इथेच असाल. म्हणून हात मांडीवर ठेवा आणि आधी विचारा: कोणाला, काय सापडत नाहीये?

डिस्पॅचच्या मशीनला हिशेबाच्या मशीनवरचं टॅलीचं फोल्डर सापडत नाहीये. बरं. प्रिंटर सापडतोय का? ई-वे बिलाची साइट उघडतेय का? राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला १ एप्रिल २०१८ पासून ते बिल लागतं, त्यामुळे ती साइट इथे रोजच उघडली जाते आणि तपासायला बरी पडते. ही तीन नावं आहेत. तिन्ही एकाच टेबलावरून विचारली जातात, पण त्यांना उत्तर देणारे वेगवेगळे असू शकतात. साइटचं नाव बाहेरचं कुणीतरी सांगतं. हिशेबाच्या मशीनचं नाव बाहेरच्या जगात कुणालाच माहीत नाही, आणि असण्याचं कारणही नाही. हा फरक मनात नीट बसू द्या. साइट उघडत असेल आणि फोल्डर सापडत नसेल, तर नेट गेलेलं नाही. फोल्डर सापडत असेल आणि साइट उघडत नसेल, तर हिशेबाच्या मशीनला हात लावायचं कारण नाही.

आता एक साधी गोष्ट डोळ्यांसमोर आणा. नवखा ड्रायव्हर माल घेऊन एमआयडीसीत शिरतो. त्याच्या हातात कंपनीचं नाव आहे, पण फाटकावर पाटी वेगळीच. कंपनी विकली गेली, नाव बदललं. मग तो चहाच्या टपरीवर थांबतो, चलनावरचा प्लॉट नंबर दाखवतो आणि बरोबर पोहोचतो. इथे नावं बदलतात, प्लॉट नंबर राहतो. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे नाव राहतं आणि नंबर बदलतो. हिशेबाच्या मशीनला गेल्या आठवड्यात १९२.१६८.१.२० होता, आज १९२.१६८.१.३५ असेल. १९२.१६८ ने सुरू होणारे हे नंबर १९९०च्या दशकात खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. ते तुमच्या फाटकाच्या आतलेच, आणि शेजारच्या कारखान्यातही हेच नंबर निवांत चालू असतात. मशीनला जायचं असतं नंबरकडे. नाव माणसासाठी आहे. म्हणून प्रत्येक वेळी कुणीतरी नाव घेऊन नंबर द्यावा लागतो.

मग पहिलं पाऊल सोपं आहे. नाव सोडा आणि नंबराने जाऊन पाहा. हिशेबाच्या मशीनसमोर जा, तिथे आयपी कॉन्फिग ही कमांड द्या आणि तिचा आजचा नंबर कागदावर लिहून आणा. स्क्रीनवर दिसतो म्हणून सोडू नका, लिहाच. मग डिस्पॅचवर येऊन त्या नंबराला पिंग करा, त्या नंबराने फोल्डर उघडून पाहा. उघडलं, तर रस्ता शाबूत आहे, अडलंय ते नावात. नाही उघडलं, तर नावाचा विचार आत्ता थांबवा. वायर निघालेली असेल, स्विच बंद असेल, किंवा विंडोजने एखाद्या अपडेटनंतर आपल्या नेटवर्कला ‘सार्वजनिक’ धरून दारं लावून घेतली असतील. मशीनचा स्वतःचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर तिला नंबर द्यायला कुणीच भेटलेलं नाही. ती आपली आपणच एक नंबर घेऊन बसली आहे. अशा वेळी नाव तपासण्यात घातलेला वेळ वाया जातो.

समजा, नंबराने उघडलं. आता शांतपणे पुढे.

नाव विचारलं जातं तेव्हा मशीन कुणाकुणाला विचारते, हे एकदा मनाने चालून या. आधी ती स्वतःकडे बघते. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात नाव आणि नंबर लिहिलेला असेल, तर पुढे कुणाला विचारायचं कारणच उरत नाही. मग थोड्या वेळापूर्वी मिळालेली आणि साठवून ठेवलेली उत्तरं. मग नेमून दिलेला डीएनएस सर्व्हर, म्हणजे नाव घेऊन नंबर सांगणारा. छोट्या ऑफिसात तो बहुधा राउटरच असतो. आणि तिथेही काही मिळालं नाही, तर आतल्या नावासाठी मशीन त्याच नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम विचारते, ‘या नावाचं इथे कुणी आहे का?’ त्या नावाचं मशीन जागं असेल तर ते स्वतःच उत्तर देतं. आपल्याकडच्या कित्येक ऑफिसांत टॅलीचं फोल्डर वर्षानुवर्षं या शेवटच्या सोयीवर उघडत आलेलं असतं, आणि ते कुणाच्या लक्षातही नसतं. ते मशीन झोपलं, किंवा डिस्पॅचचं टेबल दुसऱ्या राउटरच्या वाय-फायवर गेलं, की हाक पोहोचत नाही.

होस्ट्स फाइलपाशी क्षणभर थांबू. ती आज कोपऱ्यात पडलेली दिसते, पण सगळी सुरुवात तिच्यापासून आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेटवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करायच्या, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. एका जागी एक खरी यादी. नेटवर्क वाढलं तशी यादी मोठी झाली, उतरवून घेतलेल्या प्रती शिळ्या राहू लागल्या, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: एकाने सगळी नावं सांभाळायची नाहीत, ज्याचं नाव त्याने सांभाळायचं, आणि विचारणाऱ्याला वरून खाली योग्य माणसाकडे पाठवायचं. आज त्या रचनेच्या माथ्यावर ‘ए’पासून ‘एम’पर्यंत तेराच नावं आहेत. त्यांच्या प्रती जगभर पसरल्या आहेत, मुंबईतही आहेत.

हे एवढ्यासाठी सांगितलं की प्रत्येक टेबलावरच्या होस्ट्स फाइलमध्ये हिशेबाच्या मशीनचा नंबर लिहून मोकळं होण्याचा मोह आत्ता होईल. तो टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा मशीनवर दहा प्रती लिहायच्या आणि नंबर बदलला की दहाही खोट्या पाडायच्या, ही पद्धत जगाने चाळीस वर्षांपूर्वी सोडून दिली. ती ओळ लिहिणारा नोकरी सोडून जातो आणि ओळ तिथेच राहते. नंतर येणारा सगळं तपासतो, राउटर बदलतो, वायर बदलतो, आणि ती फाइल उघडून बघायचं त्याच्या मनातही येत नाही. म्हणून तपासताना ती उघडाच. ‘#’ या चिन्हाने बंद केलेल्या नमुन्याच्या ओळींखाली कुणी काही लिहून गेलंय का ते पाहा.

आता या साऱ्या कामातल्या सगळ्यात महत्त्वाच्या जागी आपण आलो आहोत. इथे घाई करू नका.

डिस्पॅचच्या मशीनवर एनएसलुकअप लिहा आणि हिशेबाच्या मशीनचं नाव विचारा. एनएसलुकअप होस्ट्स फाइल पाहत नाही, साठवलेली उत्तरंही पाहत नाही. ते थेट नेमलेल्या सर्व्हरला विचारतं. त्यामुळे पिंगला एक उत्तर आणि एनएसलुकअपला दुसरं, असं झालं तर तो घोळ नाही. ती मोठी खूण आहे: तुमच्या मशीनकडे स्वतःचं काहीतरी आहे, किंवा तिच्या हाकेला आतल्याच कुणी उत्तर दिलंय, आणि ते सर्व्हरकडे नाही.

आणि आता उत्तराकडे बघा. उत्तर ‘टाइम्ड आउट’ आलं का ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ आलं? दोन्हीचा शेवट सारखाच दिसतो, फोल्डर उघडत नाही. पण या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात कुणी बोललंच नाही. विचारलं, वाट पाहिली, शांतता. दुसऱ्यात कुणीतरी नीट ऐकलं, आपल्या यादीत पाहिलं आणि सांगितलं की या नावाचं काही नाही. शांतता असेल तर सर्व्हर बंद आहे किंवा तिथवर वाट नाही. ‘नाही’ असेल तर वाट उत्तम आहे, सर्व्हर जागा आहे. तुम्ही भलत्याला विचारलंत, किंवा नाव चुकीचं लिहिलंत. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग कुणी ‘ए’ने लिहितं, कुणी ‘ई’ने; मशीनच्या नावात गावाचं नाव घातलं असेल तर आधी तेच अक्षर पाहून घ्या.

‘नाही’ आणि शांतता यांची गल्लत होते म्हणून किती ऑफिसांत किती शनिवार जातात! नेहमीची गोष्ट घ्या. कुणीतरी सांगतं की पहिला डीएनएस राउटरचा ठेवा आणि दुसरा म्हणून ८.८.८.८ लिहून टाका, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा आहे. गूगलची ही सार्वजनिक सेवा २००९ साली सुरू झाली, आणि बाहेरच्या नावांसाठी ती चांगलीच आहे. पण आपल्या मशीनचा स्वभाव लक्षात घ्या. पहिला सर्व्हर गप्प राहिला, तरच ती दुसऱ्याकडे जाते. एकदा गेली की थोडा काळ तिथेच विचारत राहते. आता समजा लाईट गेली-आली, राउटर उठायला वेळ लागला, मशीन दुसऱ्याकडे वळली आणि तिने तिथे हिशेबाच्या मशीनचं नाव विचारलं. तिथून खरं उत्तर आलं: असं नाव नाही. मशीनने ते प्रामाणिकपणे मान्य केलं आणि राउटरला परत विचारलंच नाही. तिच्या दृष्टीने उत्तर मिळालं आहे, आणि आतल्या सगळ्यांना मारलेली हाक पोहोचत नसेल तर तेच शेवटचं. वर ते ‘नाही’ ती थोडा वेळ साठवूनही ठेवते. म्हणून शेजारच्या टेबलावर फोल्डर उघडतं आणि या टेबलावर नाही, सकाळी उघडत नाही आणि दुपारी उघडतं. कुणी खोटं बोललेलं नाही. ज्याला माहीत असायचं कारण नव्हतं, त्याला विचारलं गेलं.

यावर थोडं थांबा. दोन सर्व्हर लिहायचे असतील तर दोघांनाही तीच नावं माहीत हवीत. एकाला घरची नावं ठाऊक आणि दुसऱ्याला फक्त जगाची, अशी जोडी लावू नये. छोट्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर फक्त राउटर लिहा, आणि बाहेर कुणाला विचारायचं ते राउटरच्या आत लिहा. राउटर घरची नावं सांभाळणारा असावा. काही स्वस्त राउटर सांभाळतच नाहीत, हे विकत घेतानाच विचारून घ्यावं. रस्ता खणताना केबल तुटली आणि बाहेरचं जग दिवसभर बंद राहिलं, तरी पलीकडच्या खोलीतला प्रिंटर सापडला पाहिजे. त्यासाठी मुंबईच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या कुणाला विचारावं लागू नये.

तिसरं एक उत्तर असतं, आणि ते सगळ्यात फसवं. नंबर येतो, पण तो जुना.

एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. यूपीएस किती वेळ टिकेल? शनिवारी सकाळी सगळं एकदम उठतं, आणि कोण आधी उठेल याचा नेम नाही. राउटर नंबर वाटतो ते काही काळापुरते. जुनी यादी पुसली गेली असेल तर तो पहिल्यापासून वाटायला लागतो. प्रिंटर कालपर्यंत ज्या नंबरावर होता तो आता सुपरवायझरच्या मोबाइलला गेलेला असतो. डिस्पॅचचं मशीन जुन्या नंबरावर कागद पाठवत राहतं आणि मोबाइलला त्याचं काय करायचं ते कळत नाही. इथे नाव सापडतं, उत्तरही येतं, म्हणून माणूस तासभर प्रिंटर उघडून बघत बसतो. पिंगच्या पहिल्याच ओळीत कंसात जो नंबर दिसतो, तो प्रिंटरच्या पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. जुळला नाही, तर प्रिंटर बंद करून ठेवा आणि राउटरकडे चला.

राउटरमध्ये एक जागा असते, जिथे ठरावीक मशीनला ठरावीक नंबर कायमचा राखून ठेवता येतो. हिशेबाचं मशीन, प्रिंटर, हजेरीचं यंत्र, कॅमेऱ्यांचा डबा, यांना तिथे नंबर राखून द्या. मशीनमध्ये जाऊन हाताने लिहिण्यापेक्षा हे बरं, कारण सगळी यादी एका जागी दिसते. आणि हे करत असताना ऑफिसात दुसरं कुणी नंबर वाटत नाहीये ना, तेही बघा. गोदामात सिग्नल येत नाही म्हणून कुणीतरी एक छोटा वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावलेला असतो. चांगल्या मनाने लावलेला असतो. पण तोही नंबर वाटतो, स्वतःलाच डीएनएस म्हणून सांगतो, आणि अर्धं ऑफिस १९२.१६८.० मध्ये आणि अर्धं १९२.१६८.१ मध्ये जाऊन बसतं. लावणाऱ्याला बोल लावू नका. त्यातलं नंबर वाटणं बंद करा, सिग्नल तसाच राहू द्या.

बाहेरच्या नावांतही शिळं उत्तर येतं. कंपनीची साइट नव्या ठिकाणी हलवली, ग्राहकाला नवी दिसते आणि तुम्हाला ऑफिसात जुनीच. प्रत्येक नावाच्या उत्तराबरोबर ते किती सेकंद खरं धरायचं हेही लिहून येतं. पुष्कळ ठिकाणी हा आकडा ८६,४०० असतो, म्हणजे पूर्ण एक दिवस. साइट हलवायची असेल तर एक-दोन दिवस आधी तो आकडा ३०० वर आणून ठेवावा, हलवून झाल्यावर पुन्हा वाढवावा. आधी केलं नसेल, तर आता साठवलेली उत्तरं पुसा, नाहीतर वाट पाहा. या बाहेरच्या नावांची नोंदही कुणाकडे तरी असते. ‘.इन’ने संपणारी आपली नावं १९८९ साली सुरू झाली, तेव्हा त्यांची नोंद जुहूला, श्रीनिवासन रमणी यांच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत ठेवली जाई. अंबरनाथहून लोकलने जाण्याच्या अंतरावर. २००५पासून निक्सी ही संस्था ती सांभाळते, आणि २७ ऑगस्ट २०१४ला देवनागरीत ‘.भारत’ आलं, त्यात मराठीही आहे. नाव कुणाचं, नोंद कुणाकडे, हे ठरलेलं आहे म्हणूनच ई-वे बिलाची साइट गेटवरच्या टेम्पोसाठी उघडते. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे. एका ऑफिसात दहा नावं सांभाळताना आपली दमछाक होते.

त्या दहा नावांकडेही बघा. विंडोजने आपणहून दिलेली नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात असंबद्ध अक्षरं अशी असतात. ती कुणाच्या लक्षात राहणार? काही मशीनना माणसांची नावं असतात. कधी काळी इथे बसणाऱ्या हिशेबनीसाच्या नावाचं मशीन अजून चालू आहे, ते काका निवृत्त होऊन गेले, आणि नवी मुलगी रोज त्यांच्या नावाच्या फोल्डरमध्ये बिलं ठेवते. ते नाव लगेच बदलू नका. त्या नावावर टॅलीचा रस्ता, बॅकअप, प्रिंटर असं बरंच काही अवलंबून असतं. सुट्टीच्या आधीच्या दिवशी, सगळ्यांना सांगून बदला. कामाचं नाव द्या: हिशेब, डिस्पॅच, गोदाम, स्टोअर. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, पंधरा अक्षरांच्या आत. जुन्या पद्धतीने नाव विचारणाऱ्या यंत्रांना त्यापुढचं कळत नाही.

आता करायला घ्या. एका वेळी एकच बदल. आधी नंबर राखा, मग डिस्पॅचच्या मशीनवरून तो दुसरा डीएनएस काढा, मग साठवलेली उत्तरं पुसा, मग नाव विचारा. प्रत्येक पावलानंतर थांबा आणि काय बदललं ते बघा. कशामुळे सुटलं हे कळलं पाहिजे. नाव, राखलेला नंबर, कुठे आहे, कधी बदललं, हे एका वहीत लिहा आणि ती वही राउटरजवळ ठेवा, तुमच्या खणात नको. तुम्ही रजेवर असाल तेव्हाच ती लागते.

मग डिस्पॅचच्या मॅडमना बोलवा आणि खुर्ची त्यांना द्या. त्यांच्या लॉगिनने, त्यांच्या हाताने टॅली उघडू दे. चाचणीचं पान नको, खरं बिल छापा. ते निघालं की टेम्पो जाऊ द्या आणि मग विचारा, "मॅडम, अजून कुठे काही अडतं का?" बहुधा एक तरी निघतंच. मोठ्या कॉपिअरवर स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये येत नाही, पण ते कधीपासून, हे कुणाला आठवत नाही. कॉपिअरच्या पत्त्यांच्या यादीत जा. हिशेबाच्या मशीनचा जुना नंबर तिथे कुणीतरी हाताने लिहिलेला असेल.